दोन खाचांची चावी

तिला कारखान्यात सगळे खांबवाली म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत; पगाराची यादी करणाऱ्या कारकुनालासुद्धा तिचं खरं नाव लिहिताना डोकं खाजवावं लागे. वय शेहेचाळीस, अंगकाठी काटक आणि जीभ तिखट. नळ, बिजागऱ्या, दाराच्या मुठी यांच्यावर निकेलचा मुलामा चढवणारा तो कारखाना. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे मुठी पुसायला लागली. हातात फडकं घेऊन तिने सोळा वर्षं काढली आणि त्या सोळा वर्षांत तीन मुकादमांशी कडाकडा भांडली, कारण समोर चूक दिसली की गप्प बसणं तिला कधी जमलंच नाही. चौथा मुकादम शहाणा निघाला. त्याने तिला मागच्या शेडमध्ये, खांबांकडे पाठवून दिलं. तिथे भांडायला माणूसच नव्हतं.

खांब दोन होते, डावा आणि उजवा. दोन पुरुष उंचीची जाड नळकांडी आणि आत ठासून भरलेला काळा कोळसा. हा चुलीतला कोळसा नव्हे. कठीण कवचं खास भाजून, धुऊन, त्यांचे बारीक दाणे केलेले. मुलाम्याच्या हौदातून काढलेला माल ज्या पाण्यात विसळतात, त्या पाण्यात निकेल विरघळून येतो. तो गाळणीत अडकत नाही, तळाशी बसत नाही आणि थोडा असला तर डोळ्यांना दिसतही नाही. कोळशाच्या दाण्यांना मात्र तो चिकटतो. पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. खांबवाली म्हणायची, "कोळसा पाणी पीत नाही. पाण्यातला धातू अंगाला लावून घेतो आणि पाण्याला म्हणतो, जा बाबा तू." वरून निकेलचं पाणी शिरायचं, खालून स्वच्छ पाणी नाल्याला लागायचं.

पण कोळशालाही पोट असतं. वीसेक दिवसांत खांब भरायचा. मग येणारं पाणी दुसऱ्या खांबाकडे वळवायचं आणि भरलेल्या खांबात वरून पातळ ॲसिड सोडायचं. ॲसिड लागलं की वीस दिवस धरून ठेवलेलं सगळं कोळसा दोन-तीन तासांत सोडून देतो. खालून हिरवंगार पाणी येतं. ते वेगळ्या टाकीत धरायचं आणि पुन्हा मुलाम्याला वापरायचं. त्यासाठी प्रत्येक खांबाच्या बुडाशी दोन व्हॉल्व्ह होते, एक नाल्याचा आणि एक हिरव्या टाकीचा. ॲसिड सोडण्याआधी नाल्याचा बंद करायचा आणि टाकीचा उघडायचा, एवढंच काम. यात उलटसुलट झालं तर वीस दिवसांचा निकेल एका दमात नाल्यात जाणार, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

म्हणून तिने एक नियम घातला होता. नाल्याचा व्हॉल्व्ह बंद केला की तो फिरवायची लोखंडी चावी काढून घ्यायची आणि खांब धुऊन होईपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवायची. चावीच नाही तर दुसरा कोणी चुकून उघडणार कसा? डाव्याच्या चावीवर तिने कानशीने एक खाच पाडली होती, उजव्याच्या चावीवर दोन. "चावी ज्याच्या खिशात, नाला त्याच्या गळ्यात," असं ती सगळ्यांना बजावायची. एकदा मुकादम चावी व्हॉल्व्हवरच विसरला, तेव्हा अख्ख्या पाळीसमोर तिने त्याला असा झाडला की त्याने गुपचूप सगळ्यांना चहा पाजला. नियम चांगलाच होता. दुसऱ्यांच्या चुकांवर त्यात उपाय होता. तिच्या स्वतःच्या चुकीवर मात्र नव्हता, आणि अकरा वर्षांत ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

घरी नवरा थट्टा करायचा, "दोन खांब सांभाळतेस, तिसरा मी उगाच उभा आहे." तो घरं रंगवायचा, संध्याकाळी दोघं शेजारी बसून साबणाने हात घासायचे, तिच्या बोटांचा काळा आणि त्याच्या बोटांचा पांढरा रंग निघेपर्यंत. मूलबाळ नव्हतं. पण मुलीची हौस तिची फार पूर्वीच भागली होती. आई गेली तेव्हा धाकटी बहीण आठ वर्षांची होती आणि ही सतरा. धाकटीच्या वेण्या हिने घातल्या, शाळेत भांडणं हिने केली, तिच्या तापात रात्री हिने काढल्या. धाकटीला लहानपणापासून एक वाक्य पाठ होतं: ताईला विचारते. सदतीस वर्षांची झाली तरी ते सुटलं नव्हतं.

कारखान्याखाली अडीच किलोमीटरवर, नाल्याच्या काठाला विटांच्या मातीसाठी खणलेला एक जुना खड्डा होता. धाकटीने अकरा जणींना गोळा केलं आणि त्यात मासे वाढवायचं ठरवलं. पाणी नाल्याचंच घ्यायचं होतं. बैठकीत भोंगा उभी राहिली. भोंगा म्हणजे त्या अकरा जणींतली एक, आवाजावरून पडलेलं नाव. ती म्हणाली, "मुलाम्याच्या कारखान्याखालचं पाणी? मग मासे काय, मुलामा चढवूनच विकायचे का?" सगळ्या हसल्या. धाकटी हसली नाही. "ते पाणी माझी ताई सोडते," ती म्हणाली, आणि खाली बसली. तिचं बोलणं तेवढंच होतं. पुढच्या बैठकीला खांबवाली स्वतः नाल्याचं पाणी बाटलीत घेऊन आली, सगळ्यांसमोर त्यात औषधाचे थेंब टाकले, आणि म्हणाली, "निकेल असता तर हे गुलाबी झालं असतं. माझ्या हातचं पाणी आहे. घ्या खुशाल." बारा जणींनी दोन महिने टोपल्यांनी गाळ उपसला तो या शब्दावर.

ज्या दिवशी बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, यायची होती, तो नेमका खांब धुवायचाही दिवस होता. त्याआधी खांबवाली तीन आठवडे तापाने घरी पडून होती. तिने शेवटचा धुतला होता तो डावा. ती नसताना उजवा मुकादमाने धुतला. म्हणजे आता पुन्हा डाव्याची पाळी. फळ्यावर मुकादमाने तसं लिहूनही ठेवलं होतं, "उजवा धुतला. आता डावा." पण अकरा वर्षं तिच्या हातांना एकच चाल ठाऊक होती: डाव्यानंतर उजवा, उजव्यानंतर डावा. तिच्या हातांनी शेवटचा धुतला होता डावा. तापाचे तीन आठवडे हातांच्या हिशोबात नव्हते.

सकाळी दहाच्या सुमारास ती खांबांच्या बुडाशी वाकली आणि फोन वाजला. तिने तो खांद्याने कानाशी दाबून धरला.

"ताई, गाडी लवकर आली गं. पिशव्या तळ्यात तरंगत ठेवल्यात. पण तू पाणी बघितल्याशिवाय मी एकही पिशवी सोडणार नाही."

"आले, आले. उन्हात ठेवू नकोस पिशव्या."

"नाल्याचं पाणी आत घ्यायची फळी उघडीच आहे. अर्ध्याच्या वर भरलंय तळं."

"असू दे. मी आलेच म्हटलं ना."

एवढं बोलणं होईतो हातांनी आपलं काम उरकलं होतं. नाल्याचा बंद, टाकीचा उघडा, चावी कामाच्या कोटाच्या खिशात. मग ती शिडीने वर गेली. फळा तिथे वर होता. तो तिने वाचला, आणि फळ्यावर लिहिल्याप्रमाणे येणारं पाणी उजव्याकडे वळवलं, ॲसिड डाव्यात सोडलं. सव्वादहा वाजले होते. एरवी ती हिरव्या पाण्याची पहिली धार टाकीत पडेपर्यंत जागची हलत नसे. खांबात आधीचं पाणी असतं, ते आधी निघून जातं, मग तीस-चाळीस मिनिटांनी हिरवं यायला लागतं. पण तळ्यावर बारा जणी खोळंबल्या होत्या. तिने मुकादमाला दोन तास बाहेर जाते म्हणून सांगितलं आणि सायकल काढली.

तळ्यावर नुसती जत्रा होती. काठावर बायका, बायकांची पोरं, आणि पाण्यावर फुगलेल्या पंचवीस पिशव्या, प्रत्येकीत काळ्या रेघांसारखी हजारो पिल्लं. नाल्याचं पाणी लाकडी फळीच्या वाटेने झुळझुळत आत येत होतं. भोंगा तिला बघून म्हणाली, "आली बाई पाण्याची मालकीण." खांबवालीने तिला उत्तर दिलं आणि ते सगळ्यांना आवडलं. तिने थेंबांची पेटी उघडली, तळ्याचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी जसं होतं तसंच राहिलं. नितळ.

नळी पुसायला रुमाल हवा म्हणून तिने कोटाच्या खिशात हात घातला. बोटं चावीला लागली. अंगठा सवयीने टोकावर गेला आणि तिथे थांबला.

एक खाच. आणि तिच्या शेजारी दुसरी.

तिने चावी बाहेर काढली नाही. खिशातच पुन्हा चाचपली. दोनच होत्या. उजव्याची चावी. म्हणजे उजव्याचा नाला बंद आहे. आणि ॲसिड? तिला शिडी आठवली, फळ्यावरचं मुकादमाचं वाकडं अक्षर आठवलं, आता डावा. ॲसिड डाव्यात चालू आहे. डाव्याचा नाल्याचा व्हॉल्व्ह सताड उघडा आहे आणि त्याची चावी त्याच्याच डोक्यावर आहे. स्वच्छ पाणी हिरव्या टाकीत पडतंय आणि हिरवं पाणी नाल्यात. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. हिरवं सुटून दहा मिनिटं तरी झाली असणार. नाल्याला इथवर यायला पाऊण-एक तास लागतो, हे बारा जणींना तिनेच शिकवलं होतं.

"धाकटे," ती म्हणाली. "फळी टाक खाली."

"का गं?"

"पिशवीतलं आणि तळ्यातलं पाणी एकसारखं गार होऊ दे. नवीन पाणी येत राहिलं तर होणार नाही."

हे धादांत खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. धाकटीने पुढे एक शब्द विचारला नाही. वाकली आणि फळी खाचेत सोडली. पाण्याचा आवाज बंद झाला. तिने काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं खांबवालीला वाटलं.

ती काठापासून लांब गेली आणि मुकादमाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मुलाम्याची पिंपं फिरत असली की तिथे कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला, तरी तेच. शेवटी तिने मालकाला लावला, आणि तो पहिल्या घंटेला बोलला.

"साहेब, मागे पळा. डाव्याचा नाल्याचा व्हॉल्व्ह बंद करा. चावी त्यावरच आहे. ॲसिड नाल्यात जातंय."

"काय?"

"आधी बंद करा. मग मला काय बोलायचं ते बोला."

धावण्याचा आवाज, दाराचा आवाज, मग पिंपांचा गोंगाट, मग मुकादमाला मारलेल्या हाका. ती फोन कानाशी दाबून उभी राहिली. पलीकडे लोखंडावर लोखंड घासलं. मुकादम फोनवर आला तेव्हा धापा टाकत होता.

"केला बंद, बाई."

"हिरवं जात होतं का?"

"जात होतं."

"किती हिरवं?"

"चांगलंच हिरवं होतं, बाई. मला कळलं नाही हो, मी पुढे होतो." मग मालकाने त्याच्या हातून फोन घेतला.

मालक वाईट माणूस नव्हता. पण घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस जे बोलतो ते तो बोलला. "तुम्ही तळ्यावर आहात ना? फळी बंद आहे ना? मग झालं. दोन तास बंद ठेवा. तोवर निघून जाईल सगळं पुढे. कोणाला काही बोलायचं नाही, बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. मागे एकदा तीन महिने कुलूप लागलं होतं, विसरलात? चाळीस घरं चालतात या कारखान्यावर."

"हो, साहेब," ती म्हणाली.

हो म्हणाली खरी. तिने फोन खिशात टाकला आणि तिथे पुन्हा चावी हाताला लागली. मालकाचं म्हणणं खोटं नव्हतं. फळी बंद होती. तळं वाचलं होतं. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. तिला फक्त दोन तास हसतमुखाने उभं राहायचं होतं आणि मग म्हणायचं होतं, उघड आता. अकरा वर्षांचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की तिला स्वतःची लाज वाटली.

पण नाला तळ्यापाशी संपत नव्हता. काठावरून खालचं सगळं दिसत होतं. जरा पुढे कपडे धुण्याचे दगड, तिथे चारपाच बाया आणि पाण्यात डुंबणारी त्यांची पोरं. त्यापुढे भाजीचे वाफे, नाल्यात सोडलेले दोन पंप, धाडधाड चालू. त्याच्याही पुढे एक म्हातारा गुरं पाण्यावर घेऊन येत होता, सावकाश, त्याला कसली घाई नव्हती. या लोकांना कोणी फळी दिलेली नव्हती.

वीस मिनिटं उरली होती. ती परत काठावर आली.

"सगळ्याजणी ऐका जरा," ती म्हणाली. "फळी टाकायला लावली ती गारव्यासाठी नाही. मी खोटं बोलले. माझ्या हातून चूक झालीये. खांब धुतलेलं पाणी नाल्यात गेलंय. ॲसिड आणि निकेल. वीसेक मिनिटांत इथे पोचेल."

एक पोर पाण्यात खडे टाकत होतं, त्याला त्याच्या आईने धरून मागे ओढलं.

"बघा," भोंगा म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता आणि म्हणून जास्त लागला. "मी बैठकीत काय म्हणाले होते? काय म्हणाले होते मी?"

"खरं बोलली होतीस तू," खांबवाली म्हणाली. "आता शिव्या नंतर दे. तुझा आवाज सगळ्यात मोठा आहे. खाली जा. पोरांना पाण्यातून काढ, पंप बंद करायला सांग, गुरं अडव. संध्याकाळपर्यंत कोणी पाण्याला हात लावायचा नाही म्हणून सांग. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

भोंगाने क्षणभर धाकटीकडे पाहिलं, मग चपला हातात घेतल्या आणि नाल्याच्या काठाने पळत सुटली. तिच्यामागे आणखी चौघी. तिची हाक वाफ्यांपर्यंत ऐकू आली. भोंगा नाव ठेवणाऱ्याने त्या दिवशी तिची क्षमाच मागायला हवी होती.

धाकटी मात्र पिशव्यांकडे बघत होती. पिल्लं पहाटे भरलेली; पिशव्यांतली हवा दुपारपर्यंतच पुरणार होती, आणि पोचवणारी गाडी केव्हाच निघून गेली होती. तळं अर्ध्याच्या जरा वर भरलेलं, वर ऊन तापत चाललेलं. तेवढ्या पाण्यात एवढी पिल्लं म्हणजे दाटीवाटी. पण दुसरा इलाज नव्हता. तिने आणि उरलेल्या बायकांनी कमरेइतक्या पाण्यात उतरून एकेक पिशवी सोडली. खांबवाली मदतीला पुढे झाली तेव्हा धाकटी म्हणाली, "तू राहू दे." रागाने नाही, साधंच म्हणाली. खांबवाली मागे सरली आणि फळीच्या पलीकडे, नाल्याच्या काठावर जाऊन बसली.

पुढचं आधीच सांगून टाकायला हरकत नाही. त्या पिल्लांतली चौथा हिस्सा पिल्लं आठवडाभरात मेली, पाणी कमी पडलं म्हणून. कारखान्याला दहा दिवस कुलूप लागलं आणि त्या दहा दिवसांत मुलाम्याच्या कामगारांनी खांबवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मालकाने तिला काढलं नाही. महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही, आणि मग एक दिवस मागच्या शेडमध्ये येऊन म्हणाला, यापुढे ॲसिड सोडण्याआधी दोघांनी चावी बघायची, एक तुम्ही आणि एक मी. ती हो म्हणाली. खालच्या भाजीच्या वाफेवाल्याने त्या दिवशी पंप बंद ठेवावा लागला म्हणून तिला वर्षभर टोमणे मारले. हे सगळं झालं, आणि ते तिला सोसलं. तिच्या आयुष्यात जे अवघड गेलं ते याच्या आधीचं, त्या काठावरचं, जेमतेम एक तासाचं होतं.

ती काठावर बसून दर दहा मिनिटांनी नाल्यातलं पाणी नळीत घ्यायची आणि थेंब टाकायची. पावणेबारा. नितळ. बारा वाजायला पाच मिनिटं. नितळ. खालून भोंगा घामाघूम होऊन परत आली होती. पंपवाल्यांनी तिला वाट्टेल ते ऐकवलं होतं, पण पंप बंद केले होते. कपडे धुणाऱ्या बाया ओले पिळे घेऊन काठावर उभ्या होत्या आणि इकडेच बघत होत्या. नाल्याचं पाणी रोजच्यासारखं दिसत होतं.

"अगं, हे तर स्वच्छच आहे," भोंगा म्हणाली. "आलंच नाही की काय?"

खांबवालीच्या मनात आलं, खरंच नसेल आलं तर? वाटेत पाणी वाढून विरून गेलं असेल तर? मग तिने उगाच सगळ्यांचं काम थांबवलं, उगाच पिल्लं अपुऱ्या पाण्यात कोंडली, उगाच चाळीस घरांवर संकट आणलं. आणि आलं तर तिच्या हातचं पाणी विषारी. यातलं काहीही झालं तरी हरणार तीच होती. तरीही बसल्या बसल्या तिला कळलं की आपण पाणी नितळच निघू दे म्हणतोय, कारण तसं झालं तर पिल्लांना पाणी सोडता येईल आणि त्या पाण्यात डुंबलेल्या पोरांची चिंताही जाईल.

बारा वाजून पाच मिनिटांनी तिने नळी भरली. धाकटी तळ्यातून वर आली होती, कपडे निथळत होते. ती येऊन शेजारी उभी राहिली. खांबवालीने एक थेंब टाकला, मग दुसऱ्या बाटलीतला. नळी हलवली.

आधी काहीच झालं नाही. मग थेंब पडला होता तिथून रंग पसरायला लागला, धूसर, मग स्पष्ट, मग नळीभर गडद गुलाबी. कोणाला समजावून सांगायची गरज राहिली नाही.

खांबवालीने नळी गवतावर ठेवली. अकरा वर्षं तिने हा रंग लोकांना दिसू नये म्हणून काम केलं होतं. आज तो बारा जणींसमोर, धाकटीसमोर, तिच्याच हाताने निघाला होता. आता ही पुन्हा आपल्याला काहीही विचारणार नाही, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

धाकटीने नळी उचलली. उन्हात धरून बघितली. मग फळी नीट बसली आहे का ते वाकून चाचपलं, आणि तळ्यात दाटीने फिरणाऱ्या पिल्लांकडे पाहिलं.

"पाणी कमी आहे गं त्यांना," ती म्हणाली. "पुढची नळी केव्हा भरणार आहेस? फळी कधी उघडायची ते तूच सांग."